पिलरटोल्याची अकरा घरं

ज्या पत्राला मी वेळेवर उत्तर दिलं नाही, ते एका टांगेवाल्याने हातोहात आणून दिलं होतं.

"सोवनीबाबू कोण?" त्याने दारातूनच विचारलं. कचेरीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी सवयीने ओशाळलो.

"पलीकडच्या घिमिरेसाहेबांनी दिलंय. उत्तर घेऊनच ये म्हणालेत. घोडा सावलीत बांधलाय, मी थांबतो."

शाळेच्या वहीतली दोन पानं होती. मी पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं. टांगेवाला बाहेर पायरीवर बसून तंबाखू मळत होता. तासाभराने मी त्याला सांगितलं, "आज नाही व्हायचं."

"मग उद्या येऊ?"

"नको. मीच पाठवीन."

त्याने घोडा सोडला आणि टांगा घेऊन निघून गेला. याला आता एकतीस वर्षं झाली.

एकोणीसशे त्र्याण्णवचा फेब्रुवारी होता. बिहारच्या उत्तर टोकाला, नेपाळच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात माझी बदली झाली होती. मी आरोग्य खात्यात आकडेवारी सांभाळत असे. पुस्तकं, नकाशे आणि तक्ते यांच्यात मी बरा रमतो. माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते. त्या भागात काळा ज्वर पसरला होता. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी बारीक माशी चावून तो होतो. ताप महिनोन् महिने उतरत नाही, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट पुढे येतं, अंग काळवंडत जातं आणि औषध मिळालं नाही तर माणूस संपतो. उपाय दोन. आजाऱ्याला महिनाभर रोज इंजेक्शन, आणि घरातल्या भिंतींवर पुरुषभर उंचीपर्यंत औषधाची फवारणी.

एका देशाने फवारणी केली की माशी दुसऱ्या देशात जाते आणि दोन महिन्यांनी परत येते. म्हणून दोन्ही सरकारांनी ठरवलं की फवारणी एकाच दिवशी सुरू करायची. दोघांची औषधं एक, तारखा एक, नकाशा एक. मला ही कल्पना फार आवडली होती. पुस्तकात वाचलेलं काहीतरी आयुष्यात एकदा तरी खरं होताना बघायला मिळेल असं वाटलं होतं.

नकाशाचं काम आमच्या बाजूने माझ्याकडे आणि त्यांच्या बाजूने पुण्यप्रसाद घिमिरे यांच्याकडे आलं. घिमिरे स्वास्थ्य निरीक्षक होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बुटके, सायकलवर हिंडणारे आणि अखंड बोलणारे. आम्ही हिंदीत बोलत असू. माझी हिंदी ऐकून त्यांना हसू येई. पहिल्याच दिवशी ते मला दाइ म्हणू लागले. दाइ म्हणजे थोरला भाऊ.

"दाइ, तुम्ही रेघ काढता तेव्हा श्वास धरून ठेवता. कधीतरी गुदमराल."

"रेघ हलते नाहीतर."

"हलू दे की. आमची नदी दरवर्षी हलते, तिला कोण विचारतं?"

दोन्ही बाजूंच्या साहेबांची बैठक ठरली होती, तिच्या आदल्या दिवशी आम्ही पिलरटोला नावाच्या वस्तीत गेलो. हद्दीवर खांबांची रांग असते आणि त्या रांगेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा गजांची पट्टी मोकळी ठेवायची असते. तिला तिकडे दसगजा म्हणतात. तिथे कुणी नांगर घालायचा नाही, घर बांधायचं नाही. पण ज्यांना दोन्हीकडे जमीन नाही ती माणसं कुठे जाणार? मुसहर समाजाची अकरा कुटुंबं त्या पट्टीत झोपड्या घालून राहिली होती. खांब त्यांच्या वस्तीच्या मधोमध होता. त्याच्या एका अंगावर गोवऱ्या थापलेल्या होत्या आणि दुसऱ्या अंगाला बकरी बांधलेली होती.

खांबाजवळच्या घरात सुगिया नावाची म्हातारी होती. तिने आम्हाला बाजेवर बसवलं. सून रमपतिया दाराशी भिंतीला टेकून बसली होती. तिचं पोट पुढे आलेलं होतं.

"सातवा असेल," सुगिया कौतुकाने म्हणाली. "मुलगा पंजाबात कामाला गेलाय. येईल तोवर घरात पाळणा हलेल."

घिमिरेंचं बोलणं एकदम थांबलं. ते उठून रमपतियाजवळ उकिडवे बसले. "ताप येतो का गं?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. त्यांनी म्हातारीची परवानगी घेऊन दोन बोटं तिच्या डाव्या बरगडीखाली ठेवली आणि हळूहळू बेंबीपर्यंत आणली.

"पाळी कधीपासून गेली?"

"नागपंचमीपासून."

"आणि ताप?"

"तो त्याच्याही आधीपासून."

घिमिरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मूल नाही हे, माई. काळा ज्वर आहे. मी हिला उद्या आमच्या इस्पितळात नेतो."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे. तिने माझ्याकडे वळून तिच्या भाषेत विचारलं, "हमनी के केकर हईं, बाबू?" आम्ही कुणाचे?

मी चष्मा पुसू लागलो. घिमिरे म्हणाले, "ज्याचं इस्पितळ जवळ त्याचे, माई."

परतताना त्यांनी सायकल हातात धरली होती. "एक निघाली म्हणजे बाकीच्या दहा घरांतही माशी आहे," ते म्हणाले. "फवारणी झाली नाही तर दिवाळीपर्यंत ही वस्ती उरायची नाही. दाइ, नकाशावर नीट दाखवा."

मी दाखवली. शाईने अकरा चौकोन, खांबाभोवती. शेजारी पाकडीचं झाड आणि विहीर.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. आमच्याकडून माझे वरिष्ठ माथुर साहेब, त्यांच्याकडून घिमिरेंचे साहेब डॉक्टर रेग्मी. दोघेही अत्यंत सभ्य. नकाशा टेबलावर पसरला गेला आणि सगळी गावं भराभर वाटली गेली. मग डॉक्टर रेग्मींचं बोट खांबाजवळ थांबलं.

"ही घरं भारताच्या यादीत असतील ना?"

"छे छे," माथुर साहेब म्हणाले. "आपल्या बाजूने रस्ता सोपा आहे. आपणच घ्यावीत."

"आम्ही घेतली तर आपल्याला वाटेल की आम्ही जमिनीवर हक्क सांगतोय."

"तेच आमच्याबद्दल आपल्याला वाटेल."

दोघे हसले. चहा आला. पुन्हा तेच झालं. कुणीही हट्टाला पेटलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. यादीत घर लिहिणं म्हणजे ते आपल्या देशात आहे असं लिहून देणं, आणि पाहुण्यांचा असा अवमान दोघांपैकी कुणालाच करायचा नव्हता. हद्दीबद्दल अवाक्षर काढू नये अशी दोघांनाही वरून ताकीद होती. घिमिरे एकदा मध्ये म्हणाले, "सर, निम्मी निम्मी करू या." रेग्मींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दीड तास असा गेला. माथुर साहेबांची गाडी चारची होती.

जेवणाच्या सुट्टीनंतर करारनाम्याला जोडायची नकाशाची स्वच्छ प्रत टेबलावर आली. तिच्यात नदी होती, खांब होता, विहीर होती, पाकडीचं झाड होतं. अकरा घरं नव्हती. माथुर साहेबांनी नकाशा पाहिला, रेग्मींनी पाहिला. कुणी काही विचारलं नाही. मग दोघांनी सह्या केल्या, हात मिळवले, फोटो निघाला. घिमिरे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून नकाशा पाहत होते. फोटोत ते नाहीत.

सहा दिवसांनी टांगेवाला पत्र घेऊन आला. पहिल्या पानावर लिहिलं होतं :

"आदरणीय सोवनीदाइ, नमस्कार. पिलरटोल्याची घरं कुणाच्याच यादीत नाहीत. एक मार्चला तुमचे लोक दसगज्याच्या तुमच्या कडेपर्यंत येतील आणि आमचे आमच्या. मधले राहतील. माझ्याकडे दोन पंप, चार माणसं आणि औषध आहे. अर्ध्या दिवसाचं काम. माझे साहेब म्हणतात, भारताकडून एक ओळ लिहून आली तर खुशाल जा. तेव्हा फक्त एक ओळ लिहा, 'आमची हरकत नाही.' खाली सही. शिक्का नसला तरी चालेल. रमपतियाची इंजेक्शनं सुरू आहेत. तुमचा भाइ, पुण्यप्रसाद."

परदेशी अधिकाऱ्याला सरकारी नोकराने परस्पर पत्र लिहायचं नाही, असा नियम होता. मी पत्राचं पहिलं पान घेऊन माथुर साहेबांकडे गेलो.

"सोवनी," ते म्हणाले, "तुम्ही वाचन करणारे गृहस्थ. तुम्हाला सांगायला नको. आज तुम्ही एक ओळ लिहाल आणि वीस वर्षांनी कुणीतरी ती हद्दीचा पुरावा म्हणून काढेल. दिल्लीला पाठवा."

"साहेब, एक तारीख जवळ आली आहे."

"म्हणून तर तातडीचं असा शेरा मारा."

मी तसा शेरा मारून दिल्लीला टिपण पाठवलं. घरी आल्यावर मी उत्तराचे मसुदे केले. एक सविस्तर, एक मोघम, एक हिंदीत, एक इंग्रजीत. एका मसुद्यात हरकत नाही असं लिहिलं आणि सही करायच्या जागी पेन टेकवून बसलो. पेन्शनला अकरा वर्षं होती. मुलगी मॅट्रिकला होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. सगळे मसुदे फाडले.

एक मार्चला सकाळी मी आमच्या फवारणीवाल्यांबरोबर निघालो. नियमाप्रमाणे आदल्या दिवशी गावोगाव दवंडी दिली होती : घरातलं सामान बाहेर काढा, धान्य झाका, गुरं सोडा. आम्ही शेवटच्या गावातली शेवटची भिंत संपवून दसगज्याच्या कडेला आलो, तेव्हा साधारण अकरा वाजले असतील.

पिलरटोल्याने दवंडी ऐकली होती. दोन्हीकडची.

अकराही घरांचं सगळं सामान बाहेर काढून ठेवलेलं होतं. मडकी, सुपं, चटया, एक पत्र्याची पेटी, कुलदेवाची मातीची पिंड फडक्यात बांधून. कोंबड्या टोपल्यांखाली झाकलेल्या. भिंती पोपडे खरवडून औषधासाठी तयार केलेल्या. माणसं ओळीने उन्हात उभी होती, पोरंबाळं सगळी, रेशनच्या रांगेसारखी.

आमचा मुकादम थांबला. त्याच्या हातात यादी होती. "बाबू, आपलं इथंच संपतं ना?"

"इथंच," मी म्हटलं.

छपरांच्या पलीकडे दुसरी कड होती. तिथे घिमिरे आणि त्यांची चार माणसं येऊन उभी राहिली. पंप खांद्यावर होते. आमच्यामध्ये फार तर वीस पावलं होती.

"दाइ!" ते तिथून ओरडले. "चिठ्ठी मिळाली?"

"मिळाली."

"मग?"

"वर पाठवलीय."

"वर म्हणजे कुठे?"

मी मुकादमाच्या हातातल्या यादीकडे पाहू लागलो. ते वाट बघत उभे राहिले.

"तोंडी सांगा," ते म्हणाले. "माझी चार माणसं साक्षीला आहेत. नुसतं हो म्हणा, मी आत शिरतो."

आमचा मुकादम माझ्याकडे बघत होता. तो माथुर साहेबांच्या गावचा होता.

"उत्तर येईल एवढ्यात," मी म्हणालो. "आलं की लगेच."

घिमिरे हसले. त्यांना हसताना मी अनेकदा पाहिलं होतं, पण ते हसणं तसं नव्हतं.

तेवढ्यात सुगिया तिच्या मडक्यांमधून वाट काढत माझ्याजवळ आली. तिने मला ओळखलं. "बाबू," ती म्हणाली, "भांडी आत घेऊ का?"

"थोडं थांबा," मी म्हणालो.

आम्ही परत फिरलो. घिमिरेही फिरले असावेत, मी वळून पाहिलं नाही. आमचा मुकादम संध्याकाळी त्याच वाटेने पंप घेऊन आला. त्याने मला सांगितलं, "बाबू, ते लोक अजून बाहेरच बसलेत."

दिल्लीहून उत्तर डिसेंबरात आलं. हरकत नसल्याचं त्यात कळवलं होतं. मी ते फाईलला लावलं.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा संयुक्त बैठक होती आणि पुन्हा नकाशा करायचा होता. घिमिरेंची पश्चिमेकडच्या डोंगरात बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेला तरुण निरीक्षक माझ्याबरोबर हद्दीवर आला. पाकडीचं झाड होतं. विहीर होती. खांबावर गोवऱ्यांचे गोल डाग होते. घरांच्या जागी मातीचे ओटे उरले होते, त्यांवर गवत उगवलं होतं.

"इथे एक वस्ती होती," मी म्हणालो.

"हो, ऐकलं. नऊ जण गेले म्हणतात. बाकीचे छपरांचे वासे काढून घेऊन गेले कुठेतरी."

"एक म्हातारी होती. सुगिया."

"ती त्या नऊतलीच. तिची सून तेवढी आमच्या इस्पितळात होती. ताप उलटत राहिला, पण सहा-सात महिन्यांनी ती बरी झाली. घरी आली तेव्हा घरच नव्हतं." मग त्याने माझ्या हातातला जुना नकाशा पाहिला. "पण सर, तुमच्या नकाशात ही वस्ती दाखवलेलीच नाही."

"नाही," मी म्हणालो.

"मग यंदा काही बदल करायला नको. आहे तो नकाशा बरोबरच आहे."

त्या वर्षी खरोखरच त्यात एकही रेघ बदलावी लागली नाही.

मी आता फलटणला राहतो. इथल्या वाचनालयात सकाळी दोन तास जुन्या पुस्तकांची यादी करायला जातो. मागच्या आठवड्यात वर्तमानपत्र लावताना पहिल्या पानावर एक फोटो दिसला. दोन शेजारी देशांमध्ये आरोग्य आणि विकास यांबाबत सहकार्याचा करार झाला, दोन माणसं हात मिळवताहेत, मागे झेंडे आहेत. बातमी चांगली होती. मी ती दोनदा वाचली. करार वाईट नसतात. आमचाही वाईट नव्हता. त्याने दोन्हीकडची दोनशेच्या वर गावं वाचवली, आणि ते आकडे मी स्वतः जुळवलेले आहेत.

घरी येऊन मी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. पत्र त्यात असतं. पहिलं पान मला पाठ आहे. दुसरं पान मी माथुर साहेबांना दाखवलं नव्हतं. बायकोलाही कधी दाखवलं नाही, ती आता नाही. त्यावर एवढंच आहे :

"दाइ, जेवणाच्या सुट्टीत सगळे आत पंगतीला बसले तेव्हा तुम्ही एकटे टेबलाशी होता. मी हात धुवायला बाहेर आलो होतो. तुम्ही नकाशावर पातळ कागद ठेवून रेघा उतरवत होता आणि श्वास धरला होता. मी काही बोललो नाही. तुम्हाला कुणी सांगितलं असेल किंवा नसेल. मी हे कुणालाही सांगणार नाही, कधीच नाही. चूक कुणाकडूनही होते. म्हणूनच ही एक ओळ मी दुसऱ्या कुणाकडे न मागता तुमच्याकडे मागतो आहे."

मला कुणी सांगितलं नव्हतं. माथुर साहेब घड्याळाकडे बघत एवढंच म्हणाले होते, "सोवनी, काहीतरी मार्ग निघाला पाहिजे." मी सगळं उतरवलं आणि अकरा चौकोन सोडून दिले. अर्धा तासही लागला नाही. सह्या झाल्यावर साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आमचे सोवनी बोलत नाहीत, पण वेळेला उपयोगी पडतात." तोवरच्या तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पाठीवर कुणी हात ठेवल्याचं मला आठवत नाही. खरं सांगायचं तर दिवसभर मला ती जागा ऊबदार वाटत होती.

या वेळी मी मसुदा केला नाही. साध्या कागदावर तारीख घातली, त्याच दिवसाची. लिहिलं :

"प्रिय पुण्यप्रसाद, आमची हरकत नाही. घरं मी गाळली, मला कुणी सांगितलं नव्हतं. मुकुंद सोवनी."

घिमिरे कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही. पत्रावर त्यांच्या मूळ गावाचा पत्ता होता, तोच लिफाफ्यावर घातला.

पोस्टात खिडकीशी एक मुलगी होती. तिने लिफाफा उलटसुलट करून पाहिला. "नेपाळ? थांबा हं काका, दर बघावा लागेल." तिने संगणकात काहीतरी शोधलं, लिफाफा काट्यावर ठेवला. "एकच कागद आहे का?"

"एकच."

"रजिस्टर करते. पोचपावती जोडू? त्यांची सही होऊन तुमच्याकडे परत येते. मिळालं की नाही ते तुम्हाला कळेल."

"नको," मी म्हणालो. "त्यांच्याकडून आता काही मागायचं नाही."

तिने शिक्का मारला आणि लिफाफा मागच्या पोत्यात टाकला.